फ्रिजचे रबर : दुरुस्तीच्या हद्दीचा इतिहास

घरातल्या वस्तूंचा इतिहास आपल्याकडे बहुधा त्यांच्या आगमनाचा इतिहास असतो. पहिला रेडिओ कोणाच्या घरी आला, पहिली शिवणयंत्रे कोठे विकली गेली, पहिला फ्रिज कोणत्या साली तयार झाला, एवढी नोंद झाली की प्रकरण मिटते. वस्तू घरात आल्यानंतर वीस-पंचवीस वर्षे बिघडत आणि दुरुस्त होत जगते, त्या दीर्घ आयुष्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक माणूस आणि यंत्र यांचे नाते बिघाडाच्या वेळीच उघड होते. फ्रिज चालू असतो तोवर तो स्वयंपाकघराच्या भिंतीचाच भाग असतो. बंद पडला की त्याला अवयव आहेत याची जाणीव होते, आणि त्यांपैकी कोणत्या अवयवाला आपण हात लावायचा, हा प्रश्न समोर येतो.

या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा ठरलेले धरतो. आतला दिवा, दरवाजाचे रबर, थर्मोस्टॅट, कॉम्प्रेसरच्या बाजूला खोचलेला रिले, ट्रे आणि बिजागऱ्या हे भाग थोडी माहिती आणि एक पेचकस असला तर घरच्या घरी बदलता येतात. कॉम्प्रेसर, नळ्या आणि त्यांतून फिरणारा वायू यांना मात्र घरच्या माणसाने हात लावायचा नसतो. ही विभागणी यंत्राच्या रचनेतूनच आलेली आहे असे वाटते. माझे म्हणणे असे, की ही हद्द निसर्गदत्त नाही, ती गेल्या शंभर वर्षांत आखली गेली आहे. ती आखताना दोनदा माणसांचे, आणि त्यातही लहान मुलांचे, बळी गेले आहेत. आज ती पुन्हा सरकवली जात आहे, आणि या वेळचे कारण मात्र तेवढे गंभीर नाही. म्हणून तिचा इतिहास तपासून पाहणे अगत्याचे आहे.

(१)

विजेवर चालणाऱ्या घरगुती शीतयंत्राचा आरंभ अमेरिकेत झाला. १९१३ साली शिकागोत फ्रेड वुल्फ याने ‘डोमेलर’ नावाचे यंत्र आणले. ते स्वतंत्र कपाट नव्हते. घरात आधीपासून असलेल्या बर्फाच्या पेटीवर बसवायचे ते एक साधन होते. पाठोपाठ डेट्रॉइटमध्ये केल्व्हिनेटर आणि फोर्ट वेनमध्ये फ्रिजिडेअर यांचा उदय झाला. केल्व्हिनेटरने भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांचे नाव घेतले. फ्रिजिडेअर हे व्यापारी नाव इतके रुळले, की आपल्या बोलण्यातल्या ‘फ्रिज’ या शब्दावरही त्याची छाया असावी असे मानले जाते. मराठीत ‘शीतकपाट’ आणि ‘प्रशीतक’ हे शब्द घडवले गेले; पण पाठ्यपुस्तकांबाहेर ते फारसे चालले नाहीत.

या पहिल्या पिढीतल्या यंत्रांची रचना उघडी होती. मोटर वेगळी आणि कॉम्प्रेसर वेगळा असे, दोहोंना जोडणारा पट्टा असे, आणि कॉम्प्रेसरचा दांडा ज्या छिद्रातून बाहेर येई तेथे गळती रोखणारे बूच असे. हे बूच झिजत असे. पट्टा सैल पडत असे, तेल गळत असे. यंत्र घेणे म्हणजे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाशी कायमचा संबंध जोडणे होते. उघडेपणात एक सोय होती, कारण प्रत्येक भाग दिसत होता आणि सुटा होत होता. पण त्या बुचामागे जो वायू कोंडलेला होता तो विषारी होता. काही यंत्रांत सल्फर डायऑक्साइड वापरीत, काहींत मिथाइल क्लोराइड, मोठ्या यंत्रांत अमोनिया. सल्फर डायऑक्साइडचा वास इतका उग्र, की गळती झाली तर झोपलेला माणूसही उठून घराबाहेर पळेल. मिथाइल क्लोराइडला मात्र फारसा वास नाही, आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत घरगुती शीतयंत्रांतून गळलेल्या मिथाइल क्लोराइडमुळे माणसे मेली आणि वैद्यकीय नियतकालिकांत त्याची चर्चा झाली. बर्लिनमध्ये अशाच गळतीत एक कुटुंब दगावल्याचे वृत्त वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी हलता भाग नसलेल्या शीतयंत्राच्या कल्पनेवर काम सुरू केले, असे सांगितले जाते. त्या यंत्राला अमेरिकेत १९३० साली पेटंट मिळाले, पण ते बाजारात आले नाही.

बाजाराने वेगळा मार्ग धरला. मार्सेल ओदिफ्रें या फ्रेंच धर्मगुरूने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सगळी यंत्रणा बंद धातूच्या गोळ्यांत कोंडण्याची कल्पना मांडली होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनी १९११ पासून त्याची यंत्रे तयार करीत होती. त्या अनुभवातून ख्रिश्चन स्टीन्स्ट्रप या अभियंत्याने जे यंत्र उभे केले ते १९२७ साली बाजारात आले. मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी कवचात घालून ते कवच वायुबंद केलेले होते. ही गोल पेटी कपाटाच्या डोक्यावर बसे. अमेरिकन यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’ या युद्धनौकेच्या तोफघुमटासारखी ती दिसे, म्हणून लोकांनी त्याला ‘मॉनिटर टॉप’ म्हटले. पट्टा गेला, बाहेर येणारा दांडा गेला, झिजणारे बूच गेले. त्यांच्याबरोबर घरच्या माणसाचा आणि साध्या कारागिराचा त्या यंत्रणेतला प्रवेशही गेला.

आज दुरुस्तीच्या हक्काविषयी बोलताना ‘कंपन्यांनी यंत्रे मुद्दाम बंद केली’ असे सरसकट म्हटले जाते. फ्रिजच्या बाबतीत ते विधान अपुरे आहे. कवच बंद करण्याने विषारी वायू कोंडला गेला, यंत्र टिकाऊ झाले, दुरुस्तीची गरजच कमी झाली. कंपनीचा लाभ आणि ग्राहकाचा जीव या दोन्ही गोष्टी त्या एका निर्णयात एकत्र आल्या होत्या. दुरुस्तीची पहिली मोठी हद्द अशी आखली गेली, आणि तिच्यामागचे कारण आजही मान्य करावे लागेल.

(२)

बंद कवचातला वायूही लवकरच बदलला. १९२८ साली थॉमस मिज्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरिन, फ्लोरिन आणि कार्बन यांचे असे एक संयुग निवडले, की जे जळत नाही आणि विषारीही नाही. १९३० साली अटलांटा येथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिज्लीने तो वायू छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवली. एका कृतीत दोन्ही गुण सिद्ध झाले. फ्रेऑन या नावाने तो वायू घरोघरी पोहोचला. पुढची कथा आता शालेय पुस्तकांतही असते. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी या संयुगांमुळे ओझोनचा थर क्षीण होईल असे दाखवले, १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनच्या घटीची नोंद प्रसिद्ध झाली, १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. त्यानंतर आधी आर-१३४ए आणि मग आयसोब्युटेन म्हणजे आर-६००ए हे वायू आले. आयसोब्युटेन ओझोनला अपाय करीत नाही, पण तो ज्वलनशील आहे. घरगुती फ्रिजमध्ये तो अगदी थोडा, काही दशक ग्रॅम, असतो. तरीही ठिणगी आणि गळती एकत्र आली तर अपघात होऊ शकतो, म्हणून ते काम प्रशिक्षित माणसाकडेच असले पाहिजे.

या क्रमात एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. सल्फर डायऑक्साइडची गळती नाकाला कळत होती. फ्रेऑनची गळती कोणालाच कळत नव्हती. धोका गेला आणि त्याच्याबरोबर सूचनाही गेली. गळती आता केवळ तज्ज्ञाच्या उपकरणाला किंवा तज्ज्ञाच्या शब्दाला कळणारी गोष्ट झाली. यंत्र वायुबंद झाल्यावर त्याविषयीचे ज्ञानही असे बंद झाले.

मराठीत या बंद ज्ञानाचा एक भाषिक पुरावा सापडतो. फ्रिज थंड करीनासा झाला की आपण म्हणतो, ‘गॅस संपला.’ उपाय सांगतो, ‘गॅस भरून घ्या.’ हे दोन्ही वाक्प्रचार स्वयंपाकाच्या सिलिंडरवरून आलेले दिसतात. सिलिंडरमधला गॅस खरोखर संपतो, कारण तो जळतो. फ्रिजमधला वायू जळत नाही आणि खर्चही होत नाही. तो कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, मागच्या जाळीत उष्णता टाकून द्रव होतो, बारीक नळीतून जाऊन फ्रीझरपाशी पुन्हा वायू होतो आणि परत येतो. पंचवीस वर्षे तोच वायू फिरत राहू शकतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी छिद्र आहे, आणि छिद्र न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. हे छिद्र पुष्कळदा आपल्याच हाताने पडलेले असते. साध्या फ्रिजच्या फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडताना ॲल्युमिनियमच्या पत्र्यातली नळी फुटते.

‘संपला’ या एका क्रियापदाने गळती लपते. जो बिघाड शोधायला हवा तो नैसर्गिक क्षय वाटू लागतो, आणि दर दोन वर्षांनी पैसे देणे हेही स्वाभाविक वाटू लागते. रूपक विचाराला दिशा देते, हे आपण वर्गात काव्याच्या संदर्भात शिकवतो. येथे एका उसन्या रूपकाची किंमत घरोघरच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेली सापडेल. त्याहून वाईट म्हणजे, खरा दोष पुष्कळदा वायूचा नसतोच. दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर सुरू होत नाही, तेव्हा दोषी बहुधा रिले असतो. फ्रिज थंड करतो पण थांबत नाही आणि आत बर्फाचे थर साचतात, तेव्हा पुष्कळदा दरवाजाचे रबर सैल झालेले असते. हे दोन्ही भाग कवचाच्या बाहेर आहेत. ते हद्दीच्या अलीकडचे, आपल्या बाजूचे आहेत.

(३)

दरवाजाच्या रबराचा इतिहास या सगळ्यांत सर्वाधिक दुःखद आहे, आणि या लेखाचे ते मुख्य कारण आहे.

आजच्या फ्रिजचा दरवाजा ढकलला की चिकटतो आणि ओढला की सुटतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तसे नव्हते. बर्फाच्या पेटीपासून चालत आलेला खटका दरवाजाला असे. बाहेरची मूठ ओढल्याशिवाय दार उघडत नसे आणि आतून उघडण्याची काही सोय नसे. उष्णता आत येऊ नये म्हणून दार घट्ट बसले पाहिजे, आणि घट्ट बसवायचे तर खटका पाहिजे, असा तो तर्क होता. १९३५ साली रेमंड लोवी या अभिकल्पकाने सीअर्स या दुकानसाखळीसाठी ‘कोल्डस्पॉट’ फ्रिजचे नवे रूप केले. त्यात दोन्ही हातांत भांडी असली तरी कोपराच्या हलक्या धक्क्याने उघडेल अशी मूठ होती. आधुनिक वस्तुरचनेच्या इतिहासात हा फ्रिज आदर्श मानला जातो. गृहिणीच्या भरलेल्या हातांचा विचार करणारी ती रचना होती. पण त्या विचारात दरवाजाला एकच बाजू होती, बाहेरची.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुने फ्रिज टाकून नवे घेण्याची लाट आली. टाकलेले फ्रिज परसात, तळघरात, रिकाम्या भूखंडावर पडून राहिले. लपंडाव खेळणाऱ्या मुलांना याहून चांगली जागा कोणती मिळणार? मूल आत शिरे, दार ओढून घेई, खटका बसे. दार वायुबंद असल्याने प्राणवायू संपे, आणि भिंतीत उष्णतारोधक भरलेले असल्याने हाकही बाहेर पोहोचत नसे. अशा मृत्यूंच्या बातम्या वारंवार छापून येत राहिल्या. टाकण्यापूर्वी दरवाजा काढावा असे कायदे काही राज्यांनी केले. पण टाकणाऱ्याच्या सद्बुद्धीवर विसंबून हा प्रश्न सुटत नव्हता.

शेवटी अमेरिकन संसदेने कायदा केला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी २ ऑगस्ट १९५६ रोजी त्यावर सही केली. ३० ऑक्टोबर १९५८ नंतर तयार होणारा आणि राज्यांच्या सीमा ओलांडून विकला जाणारा प्रत्येक घरगुती फ्रिज आतून सहज उघडता आला पाहिजे, असे त्यात बंधन होते. ‘सहज’ म्हणजे किती, हे ठरवण्यासाठी एक अभ्यास केला गेला आणि तो १९५८ साली बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन ते पाच वर्षे वयाच्या २०१ मुलांना फ्रिजसारख्या पण सुरक्षित पेटीत थोडा वेळ ठेवून, ती सुटण्यासाठी काय करतात हे पाहण्यात आले. आजच्या संशोधननीतीला असा प्रयोग मानवणार नाही. त्याचे निष्कर्ष वाचताना अस्वस्थ व्हायला होते. २४ टक्के मुलांनी सुटण्याचा प्रयत्न केलाच नाही किंवा अगदी थोडा केला. ३९ टक्के मुलांनी हेतुपूर्वक प्रयत्न केला. ३७ टक्के मुलांनी जोरजोराने धडपड केली. हाताने धरता येईल असे साधन आत असले, तर ४० टक्के मुले ते दाराच्या मुठीसारखे फिरवायला जात. पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांनी आवाजही केला नाही.

या शेवटच्या निरीक्षणावर थोडे थांबायला हवे. संकटात मूल ओरडेल, ही प्रौढांची समजूत आहे. पाच वर्षांचे मूल, ज्याला गप्प बसायला शिकवले आहे, ते गप्प बसते. त्यामुळे आत एखादी कळ किंवा मूठ बसवून भागणारे नव्हते. दार असे हवे होते, की मुलाने काहीही शिकलेले नसताना, अंधारात, केवळ अंग टाकले तरी उघडेल. अमेरिकन नियमाने त्या ताकदीची मर्यादा १५ पौंड, म्हणजे सुमारे ७ किलो भाराइतकी, ठरवली.

याचे उत्तर लोहचुंबकाने दिले. फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाची भुकटी लवचीक प्लॅस्टिकात मिसळून तिची पट्टी करता येते, हे तंत्र त्याच सुमारास हाताशी आले होते. ती पट्टी पोकळ, मऊ घडीच्या आवरणात घालून दरवाजाच्या कडेने फिरवली, की पोलादी चौकटीला दार सर्व बाजूंनी सारखे चिकटते. बंद करण्याची ताकद एका खटक्यात एकवटलेली होती, ती आता दाराच्या सबंध परिघावर विखुरली. त्यामुळे दार हवाबंदही राहते आणि आतून ढकलल्यावर उघडतेही. दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या अपेक्षा एका पट्टीने पुऱ्या केल्या. आपण ज्याला ‘फ्रिजचे रबर’ म्हणतो ते हे. त्यात बहुधा रबर नसते, पीव्हीसी असते. पण नाव पडले ते पडले.

भारतात १९५८ साली, म्हणजे योगायोगाने त्याच वर्षी, गोदरेजने देशातला पहिला फ्रिज तयार केला. आपल्याकडच्या जुन्या फ्रिजनाही चकचकीत मूठ आणि खटका असे. चुंबकी रबर नंतर सर्वत्र आले. मात्र आपल्या फ्रिजला आणखी एक गोष्ट दीर्घकाळ टिकून राहिली, ती म्हणजे कुलूप. दरवाजाला किल्ली लावण्याची सोय आजही अनेक एकदारी फ्रिजना असते. दूध, लोणी आणि मिठाई कोणापासून जपायची होती, यावर आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या सामाजिक इतिहासाचे एक स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल. हे कुलूप मुद्दाम किल्ली फिरवल्याशिवाय लागत नाही, एवढे येथे नमूद करतो.

(४)

हे रबर घरी कसे बदलतात, हे सांगणे इतिहासाला सोडून होणार नाही, कारण ही कृतीच त्या इतिहासाचा हाताने केलेला पाठ आहे. रबर सैल आहे का हे पाहण्यासाठी दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावावे आणि नोट ओढावी. ती अडखळत निघाली तर रबर ठीक आहे. सहज निसटली तर तेथून हवा जात आहे. चारही बाजूंना आणि विशेषतः कोपऱ्यांत हे करून पाहावे. पुष्कळदा रबर मेलेले नसते, घडीत साचलेल्या चिकट मळामुळे ते उचलले गेलेले असते. कोमट साबणपाण्याने पुसले की ते पुन्हा धरते.

बदलायचेच असेल तर आधी वायर प्लगमधून काढावी. नव्या बनावटीत रबराचा काठ एका खाचेत दाबून बसवलेला असतो. कोपऱ्यापासून ओढले की तो निघतो. जुन्या बनावटीत ते आतल्या प्लॅस्टिकच्या पत्र्याखाली स्क्रूंनी धरलेले असते. हे स्क्रू पूर्ण काढू नयेत, फक्त सैल करावेत, कारण दाराचा आतला पत्राही त्यांच्यावरच असतो आणि सगळे एकदम सोडले तर दार पिळवटते. नवे रबर घडी घालून आलेले असते. ते गरम पाण्यात थोडा वेळ ठेवले की सरळ होते. आधी चार कोपरे, मग मधल्या बाजू, असा क्रम ठेवावा. शेवटी पुन्हा नोटेची परीक्षा.

थर्मोस्टॅट आणि रिले यांचा पाठ थोडा अवघड आहे, पण गूढ नाही. थर्मोस्टॅटच्या चकतीवरचे एक ते सात आकडे हे अंश नव्हेत. चकतीमागे एक बारीक बंद नळी असते, तिच्यात थोडा वायू असतो, आणि तिचे टोक फ्रीझरच्या पत्र्याला टेकलेले असते. थंडीने वायू आकसला की एक लहानसा भाता मिटतो आणि वीज तुटते. उबेने तो फुगतो आणि वीज जोडली जाते. आकडे फक्त भात्यावरच्या स्प्रिंगचा ताण सांगतात. बदलताना त्याच जातीचा थर्मोस्टॅट घ्यावा, नळीला तीव्र मुरड पडू देऊ नये आणि टोक होते तेथेच बसवावे. रिले कॉम्प्रेसरच्या तीन खुंट्यांवर खोचलेला असतो. तो काढून कानाशी हलवला आणि आत तुकडे खुळखुळले तर तो गेला असे समजावे. शेजारी कपॅसिटर असेल तर वीज बंद केल्यावरही त्यात भार उरतो, म्हणून त्याच्या टोकांना बोट लावू नये. खात्री नसेल तर येथेच थांबून माहितगाराला बोलवावे. थांबायचे कोठे, हे कळणेही दुरुस्तीच्या ज्ञानाचाच भाग आहे.

(५)

आता हद्दीच्या आजच्या स्थितीकडे येऊ. युरोपीय संघाने २०१९ साली शीतयंत्रांविषयी एक नियम केला आणि तो १ मार्च २०२१ पासून लागू झाला. त्यात सुट्या भागांच्या दोन याद्या आहेत. थर्मोस्टॅट, तापमानाचे संवेदक, विद्युत-पट्ट आणि दिवे हे भाग मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान सात वर्षे व्यावसायिक दुरुस्तीकारांना मिळाले पाहिजेत. मुठी, बिजागऱ्या, ट्रे आणि टोपल्या सात वर्षे, आणि दरवाजाचे रबर दहा वर्षे, दुरुस्तीकारांना आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्यालाही मिळाले पाहिजे. म्हणजे आतापर्यंत सवयीने चालत आलेली हद्द प्रथमच कायद्याच्या भाषेत लिहिली गेली. रबर वापरणाऱ्याच्या बाजूला आले; आतला साधा दिवा मात्र पलीकडे गेला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत घरगुती टिकाऊ वस्तूंचा समावेश होता, आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले. माहिती मिळणे आणि भाग मिळणे यांत अंतर आहे, हे मात्र विसरता येत नाही.

हे अंतर आता यंत्राच्या अंगावरच दिसू लागले आहे. काही मॉडेलांत रबर दरवाजाशी असे एकजीव केलेले असते, की ते फाटले तर सबंध दरवाजा घ्यावा लागतो. पूर्वी दिवा गेला की कोपऱ्यावरच्या दुकानातून छोटा बल्ब आणून फिरवून बसवता येई. आता पुष्कळ ठिकाणी एलईडीचा सबंध पट्ट बदलावा लागतो. येथे पहिल्या बंदिस्तीशी तुलना करून पाहावी. १९२७ साली कवच बंद झाले तेव्हा आत विष होते. १९५८ नंतर खटका गेला तेव्हा मुलांचे प्राण पणाला लागलेले होते. दोन्ही वेळी रचना बदलण्याला असे कारण होते, की ते कोणत्याही आईला सांगता आले असते. रबर दरवाजात पक्के करण्याला असे कोणते कारण सांगता येईल? जुळणीतला एखादा टप्पा वाचतो, दार थोडे अधिक सुबक दिसते. हे फायदे खोटे नाहीत, पण त्यांचे वजन पहिल्या दोन कारणांच्या पासंगालाही पुरत नाही.

म्हणून दुरुस्तीच्या चर्चेत ‘सगळे उघडे करा’ ही मागणी जितकी भाबडी, तितकेच ‘सुरक्षिततेसाठी सगळे बंद’ हे उत्तर संशयास्पद. प्रत्येक बंद कडेपाशी थांबून, ती कोणासाठी बंद केली, एवढेच विचारायचे आहे. इतिहासाचा उपयोग तेथे होतो: कोणती कड जिवाच्या भयाने बंद झाली आणि कोणती हिशेबासाठी, हे तो वेगळे करून दाखवतो.

दोन साध्या गोष्टी सांगून थांबतो. अडगळीत खटक्याचा जुना फ्रिज असेल तर भंगारवाला येईपर्यंत वाट न पाहता त्याचा दरवाजा आजच बिजागऱ्यांपासून उतरवून ठेवावा. कुलपाचा असेल तर निदान त्याची किल्ली काढून घ्यावी. आणि नवा फ्रिज घ्यायला गेलात तर लिटर आणि तारे विचारून झाल्यावर विक्रेत्याला आणखी एक प्रश्न विचारावा: याचे रबर सुटे होते का?